मेलेल्या बाजूचा पाय

बीडच्या बाजारात, तांबटांच्या दुकानांसमोर, दमणीचा डावा बैल गटारीच्या काठावर अडखळला आणि बिभीषणचा डावा पाय आप्पांच्या नडगीवर जाऊन आदळला. झालं ते एवढंच. पुढं बसलेल्या आश्रुबानं जिभेनं टकटक केलं, बैल सावरला, चाक एक गचका देऊन वर आलं आणि दमणी पहिल्यासारखी चालू लागली. आप्पा नडगी चोळत म्हणाले, "आरं, मोडतो का काय पाय माझा!" आणि मागं पोत्यावर बसलेली माय पदराआड हसली. बिभीषणही हसला. हसावंच लागलं. पण पाय त्यानं मागं ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी गुडघ्याशी घट्ट धरून ठेवला.  तीन महिने. तीन महिने त्यानं या पायाला शिकवलं होतं, आणि एका बैलाच्या अडखळण्यासरशी त्या पायानं सगळं शिक्षण गटारीत सोडून दिलं होतं.

लोकांना वाटेल, पाय तो काय आणि त्याला शिकवायचं काय. आप्पांनाही तसंच वाटलं असतं. आप्पा म्हणजे सुंदरराव, पाटोद्याकडच्या एका गावचे खातेदार शेतकरी, दोन विहिरी, तीन बैलजोड्या, कचेरीत गेलं तर बसायला खुर्ची मिळेल एवढी पत. त्यांचा हा एकुलता मुलगा वर्षापासून हैदराबादेत विमान चालवायला शिकत होता. एका इंजिनाच्या विमानाचा परवाना त्याला पावसाळ्यातच मिळाला. पण त्या परवान्यावर पोट भरत नाही. लढाई संपून वर्ष उलटून गेलं होतं, माणसं आणि टपाल नेणाऱ्या कंपन्या निघत होत्या, आणि त्यांची सगळी विमानं दोन इंजिनांची. त्या विमानाचे तास वेगळे घ्यायचे, त्यांचे पैसे वेगळे भरायचे, तासाला दीडशे कलदार रुपये. त्याला शिकवणाऱ्या विमान क्लबाकडं तसलं विमान एकच, तेही महिनाअखेर दुसऱ्या शहरी जायचं होतं. म्हणून पत्र आलं होतं: किती तास हवेत ते आज संध्याकाळच्या आत तारेनं कळवा, तितकेच तुमच्या नावावर राखून ठेवू. पाच तास घेतल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. वीसच्या वर कुणी घेत नाही. पाच आणि वीस यांच्या मधला आकडा ठरवायला हे तिघं सकाळी गाव सोडून निघाले होते. आणि आकडा कोण ठरवणार, तर आप्पांनी निघतानाच सांगून टाकलं होतं, "मला त्यातलं काय कळतंय? तू सांगशील तो आकडा."

आप्पांना कळत नव्हतं असं मात्र नाही. ज्या विषयातलं त्यांना कळत होतं त्याच जोरावर त्यांनी पोराला विमानात बसवलं होतं, तो विषय म्हणजे बैल. बिभीषण आठ वर्षांचा असताना आश्रुबानं त्याला पहिल्यांदा गाडीच्या धुरेवर बसवलं. आश्रुबा घरचा गडी, पण गाडीवर बसला की घरधन्यालाही दटावायचा. त्याच्या मते चाबूक हातात धरणारा माणूस कच्चा धुरकरी. "हातानं मारतो ती भीती. पायानं बोलतो ती गाडी," असं तो म्हणायचा. धुरेवर बसलं की दोन्ही पाय दोन्ही बैलांच्या मागच्या अंगाशी येतात. डावा बैल मागं पडला की गाडी डावीकडं ओढ घेते; ती ओढ डोळ्याला दिसायच्या आधी बुडाला कळते, आणि बुडाला कळायच्या आत डावा अंगठा डाव्या बैलाच्या शेपटीखाली जायला हवा. बैल पाऊल उचलतो, गाडी सरळ. विचार करायचा नाही. विचार करणारा धुरकरी बांधावर चढतो. पहिल्या वर्षी बिभीषण तीनदा बांधावर चढला, दुसऱ्या वर्षी एकदा, आणि नंतर कधीच नाही. सोळाव्या वर्षी जत्रेतल्या शर्यतीत त्यानं हात छातीवर बांधून जोडी पळवली, नुसत्या पायांवर, आणि पहिला आला. केजपासून माणसं ती बघायला आली होती. आप्पांनी त्या दिवशी त्याच्या पायांना हात लावायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. धुळीनं भरलेली ती पावलं मायनं स्वतः धुतली. पाणी ऊन केलेलं होतं, हे त्याला अजून आठवत होतं. तिची बोटं त्याच्या अंगठ्यांवरून फिरली होती आणि त्याला इतकं सुखाचं वाटलं होतं की ते सुख पुन्हा आयुष्यात कुठं भेटलंच नाही, असं त्याला आता, बाजारातून जाताना, वाटलं.

पुढं बीडच्या शाळेत मॅट्रिक होऊन काही वर्षं शेतात गेल्यावर, हैदराबादेत विमान शिकवतात हे वर्तमानपत्रातून आप्पांच्या कानावर आलं आणि त्यांनी एका बैठकीत ठरवून टाकलं. लोकांनी वेड्यात काढलं. आप्पा सगळ्यांना एकच सांगायचे: "अहो, हात न लावता बैल राखतो माझा पोरगा. लोखंडाचं इमान काय लाथ मारतंय का?" आणि बिभीषणला विमान खरंच आलं. एका इंजिनाचं ते हलकं विमान त्याला असं आलं की शिकवणारे कप्तान कादर चार तासांतच मागं रेलून बसायला लागले. विमानातही दोन पायांखाली दोन पट्ट्या असतात, डावी दाबली की नाक डावीकडं, उजवी दाबली की उजवीकडं. इतर पोरं हातांनी चालवायची आणि पाय लाकडासारखे ठेवायची. बिभीषणचे पाय आधी बोलायचे. कादरसाहेब म्हणायचे, "मियाँ, ये पाँव किधर से लाए?" तो सांगायचा, "बैलां से, साहब," आणि दोघं हसायचे. वर, एकट्यानं, हुसेनसागर तलाव तळव्याएवढा दिसत असताना, त्याला पहिल्यांदा वाटलं होतं की आपण कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी भाऊ, पाटोद्याकडचा कुणी एक, हे सगळं खाली राहिलंय. आता मागं फिरून दुसरं काही करता येणार नाही हे त्याला त्याच दिवशी कळलं. हिशेब ठेवता येत नाही, शेतात जीव रमत नाही, वकिली शिकण्याएवढं डोकं नाही. होते ते पाय.

आणि मग ते दोन इंजिनांचं विमान. खाली सगळ्यांचा समज असा की दोन इंजिनं म्हणजे दुप्पट निर्धास्ती. आप्पा गावात सांगत, एक मेलं तर दुसरं हाय की. बिभीषणलाही तसंच वाटलं होतं. पहिला तास चांगला गेला. दुसऱ्या तासाला, तीन हजार फुटांवर, कादरसाहेबांनी न सांगता डाव्या इंजिनाची मूठ मागं ओढली. डावीकडचा आवाज गेला. विमान डावीकडं ओढ घेऊ लागलं, ती ओढ बिभीषणच्या बुडाला कळली, आणि त्याचा डावा पाय गेला. मागं पडलेल्या बैलाला पुढं काढायला गेला. विमानाचं डावं इंजिन म्हणजे डावा बैल नव्हे, त्याला टोचून ते पाऊल उचलत नाही. पायाखालची पट्टी दबली आणि विमानाचं नाक मेलेल्या बाजूला आणखी वळलं. उजवं इंजिन जिवंत, ते पुऱ्या जोरानं त्याच बाजूला लोटत होतं. डावा पंख खाली गेला आणि जमीन समोरच्या काचेत आडवी झाली. पुढचं त्याला नीट आठवत नव्हतं. कादरसाहेबांचं खाकरणं आठवत होतं, आणि सरळ झालेलं क्षितिज.

"कौनसा मरा?" कादरसाहेबांनी विचारलं होतं.

"बायाँ, साहब."

"फिर मुर्दे कू लात कायकू मारे मियाँ? मुर्दा चलता क्या लात से?"

जिवंत बाजूचा पाय दाबायचा असतो. हे त्याला पाठ होतं, वहीत लिहिलेलं होतं, झोपेतून उठवून विचारलं तरी त्यानं सांगितलं असतं. दुसऱ्यांदा इंजिन बंद केलं तेव्हा पुन्हा डावा पाय गेला. तिसऱ्यांदा त्यानं स्वतःला आवरलं, डाव्या पायाला जागीच दाबून धरलं, मनात म्हटलं डावं मेलं, म्हणून उजवा, आणि मग उजवा दाबला. कादरसाहेब बोटांवर सेकंद मोजत होते. तीन बोटं झाली होती. जमिनीपासून शंभर फुटांवर इंजिन मेलं तर तीन बोटं कुणाला मिळत नाहीत, एवढंच ते म्हणाले. खाली उतरल्यावर त्यांनी त्याला चहा पाजला आणि सरळ सांगितलं. इम्तिहान पाच तासांत निघून जाईल. परीक्षा घेणारा आधी सांगून इंजिन बंद करतो. "लेकिन इंजिन बोलके नईं मरता बेटा. तुम बीस घंटे लेव. बीस के बाद भी पाँव नईं सुना, तो आके मेरे कू बोलना. अपन दोनों मिलके तुम्हारा नाम काट देंगे." पाच तासांत परवाना, आणि परवान्यात एकवीस माणसं पाठीशी बसवायचा हक्क. हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, पण त्यांच्या कपातला चहा तसाच राहिला होता.

त्यानंतर सुलतान बाजारातल्या खोलीत त्यानं पलंगासमोर दोन विटा मांडल्या. रोज सकाळी, रोज दुपारी. मनात म्हणायचं डावं मेलं, दाबायची उजवी. उजवं मेलं, दाबायची डावी. हजारदा केलं असेल, हजारदा बरोबर. विटांवर पाय कधी चुकला नाही आणि त्याला वाटू लागलं की पायाला कळलं. आज सकाळपर्यंत वाटत होतं. पण खोलीत काही अडखळत नव्हतं, काही दचकवत नव्हतं. खोलीत विचार करणारा बिभीषणच तेवढा हजर होता. दचकल्यावर जो हजर होतो तो दुसराच कुणीतरी, आठ वर्षांचा, धुरेवर बसलेला, आश्रुबाचा शागीर्द. त्याला हैदराबाद माहीत नाही, कादरसाहेब माहीत नाहीत. त्याला एकच माहीत आहे की मागं पडला त्याला टोचायचं. आणि तो आज बाजारात, तांबटांच्या दुकानासमोर, ठणठणीत जिवंत निघाला होता. त्याला मारायला वीस तास पुरतील? तीन महिन्यांच्या विटा पुरल्या नाहीत. बिभीषणला त्या पोराची भीती वाटली, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याची दया आली. त्याचं काय चुकलं होतं? तो तर नीटच शिकला होता. सगळ्या पंचक्रोशीत त्याच्याइतकं नीट कुणी शिकलं नव्हतं.

"शहादेव कचेरीतच बसणार हाय म्हनला," आप्पा बोलत होते. "कागद तयार हाय. तार झाली की तिकडंच जाऊ. ईस तासाचे तीन हजार व्हतेत. कापसाच्या पैशात पाचाचं भागतंय, त्याच्या म्होरचं जमिनीचं."

जमीन म्हणजे मायची. चंद्रभागाबाईला माहेराहून चोळीबांगडीची म्हणून मिळालेली ओढ्याकाठची चार एकराची पट्टी. तिच्यावर आप्पांनी आजवर कधी हक्क सांगितला नव्हता; तिचं धान्य वेगळ्या कणगीत पडायचं. आणि तिच्या मागं ती पट्टी शिवकन्येची, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. शिवकन्या बिभीषणची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत कपाळ पुसून परत आली. सासरनं भांडीसुद्धा दिली नाहीत. आप्पा आणि बिभीषण असेपर्यंत तिला काही कमी नाही, पण असेपर्यंत हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे. शिरूर कासारच्या शहादेवानं त्या पट्टीला आकडा सांगितला तेव्हा शिवकन्याच आधी म्हणाली, "दे माय. मला काय करायची?" आणि काल, बिभीषणच्या ताटात भाकरी वाढताना तिनं विचारलं होतं, "दादा, वरून मायची पट्टी दिसंल का रं?" तो म्हणाला होता, दिसंल की. तिनं विचारलं होतं, केवढी दिसंल? त्यानं बोटांनी दाखवलं होतं आणि ती हसली होती. तेवढीशी? मंग तिच्यासाठी कावून रडायचं?

 मागं मायनं आपला उजवा अंगठा पदराच्या टोकात गुंडाळून धरला होता. कागदावर तो उठवायचा होता, म्हणून की काय, सकाळपासून ती त्याला जपत होती. बिभीषणनं वळून तिकडं पाहिलं आणि पुन्हा समोर बघितलं. त्याला एकदम राग आला, कुणाचा ते कळेना. कुणीतरी त्याला अडवायला हवं होतं. एकानं तरी म्हणायला हवं होतं की नको जाऊ, बास झालं, शेत बघ. सगळा गाव पूर्वी म्हणत होता, आता कुणीच म्हणत नव्हतं. सगळे त्याच्यासाठी द्यायला बसले होते, आणि देणाऱ्यांच्या त्या गर्दीत त्याला श्वास घेता येईना.

तारघरासमोर दमणी थांबली. आश्रुबा बैलांना पाणी दाखवायला उतरला. आप्पा उतरून उपरणं झटकत होते, तेव्हा बिभीषणनं त्यांचा दंड धरला. असा दंड त्यानं आप्पांचा कधी धरला नव्हता.

"आप्पा, एक सांगायचंय. माझा पाय चुकतोय."

आप्पांनी त्याच्या पायांकडं पाहिलं. "कोंचा? लागलंय का काय?"

"लागलं न्हाई. वर. इमानात. एका बाजूचं इंजिन बंद पडलं की पाय त्याच बाजूला जातोय. दुसऱ्या बाजूला जायला पायजे. आपल्या गाडीवानी नसतंय ते, उलटं असतंय. माझा पाय गाडीवानीच जातोय."

आप्पांनी ऐकून घेतलं. कपाळाला आठ्या घालून, खरोखर समजून घेत ऐकलं.  म्हणा, बिभीषण मनात म्हणत होता, म्हणा आप्पा, की मंग नको बाबा. पण आप्पांच्या आठ्या विरत गेल्या आणि तिथं हळूहळू हसू उमटलं. तेच हसू, जत्रेतलं.

"आश्रुबा, आयकलं का बे? तुझं शिकवनं पोरगं ढगात घेऊन गेलंय!" ते ओरडले, आणि मग आवाज उतरवून, दंडावर हात थोपटून म्हणाले, "आरं, एवढंच ना? बैल पालटला तर पंधरा दिवस तुझा हात बसत नव्हता. मंग बसलाच की. म्हनून तर ईस तास घे म्हनतोय. पैशाला भिऊ नको. तुझी माय अंगठा द्यायला बसली हाय."

"ईस तासानंबी न्हाई बसला तर?"

"तुझा?" आप्पा म्हणाले. त्या एका शब्दात एवढा विश्वास होता की बिभीषणनं धरलेला दंड सोडून दिला.

तारघरात आला हजरत निजामांची तसबीर होती, तिच्याखाली लाकडी गज, गजांमागं तारबाबू. चष्म्याचा एक दांडा दोऱ्यानं बांधलेला, चाळिशीचा, कंटाळलेला माणूस. आत यंत्र कटकट करत होतं. बिभीषणनं कागद मागून घेतला आणि क्लबाचा पत्ता लिहिला. पुढं काय लिहायचं ते त्याला ठाऊक होतं. दंड धरला तेव्हाच ते ठरलं होतं, आणि आप्पा हसले तेव्हा ते आणखी पक्कं झालं होतं. नाव काढून टाका. तीन शब्द. वीस तासांनंतर कादरसाहेबांसमोर जाऊन जे म्हणायचं तेच आज, फुकट, मायच्या पट्टीला हात न लावता. मग संध्याकाळी गावी परत. आठ दिवस लोक विचारतील, महिनाभर हसतील, आप्पा ओसरीवर बसायचे बंद होतील. मग तेही संपेल. माणसाला लाज पचते. हे सगळं त्याला इतकं स्वच्छ दिसत होतं की हात आता चालेल असं वाटलं. टाक दौतीत बुडवला.

"बाबू," आप्पा गजाला तोंड लावून म्हणाले, "आमचा पोरगा हाय ह्यो. इमान चालवतो हैदराबादेत. आता दोन इंजिनाचं चालवनार."

तारबाबूनं चष्मा वर सरकवला. बिभीषणकडं पाहिलं आणि उभा राहिला. खरंच उभा राहिला. आपली खुर्ची त्यानं गजाच्या दाराशी आणून ठेवली आणि म्हणाला, "बसून लिहा साहेब." साहेब हा शब्द बिभीषणला आजवर कुणी लावला नव्हता. मागं रांगेतल्या दोघांनी पागोटी सावरली.  आप्पांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

तो खुर्चीवर बसला. टाकाची शाई सुकली होती, ती त्यानं पुन्हा बुडवली. वीस, त्याच्या मनात आलं. वीस लिहिले तर निदान प्रामाणिकपणा. पण वीस म्हणजे शिवकन्येच्या तोंडातला घास, आणि तो अशा पायावर उधळायचा जो ऐकणार नाही हे आज सकाळी सिद्ध झालंय. शून्य लिहिणं बरोबर होतं. शून्य लिहायला आता या खुर्चीवरून उठावं लागणार होतं. आणि पाच? पाचात परीक्षा निघते. परीक्षा घेणारा आधी सांगतो. इंजिनं काही रोज मरत नाहीत. कादरसाहेबच म्हणाले होते, पंचवीस वर्षांत त्यांचं एकदाच मेलं, तेही लढाईत. कितीतरी जण आयुष्यभर उडतात आणि एकदाही त्यांच्यावर ती वेळ येत नाही. आली तरी कुणावर? एकवीस जण, म्हणजे कोण? हैदराबादेतले कुणी नबाब, मद्रासचे कुणी व्यापारी, सुपारी चघळणारे, घड्याळ बघणारे, ज्यांची तोंडं त्याला कधी दिसणारही नाहीत, कारण तो पुढं बसणार आणि ते मागं. त्यांची तोंडं आठवून बघायचा त्यानं प्रयत्न केला. एकही तोंड आलं नाही. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची त्याला किळस आली. तरी हात चालत राहिला. पाच तास. त्यानं लिहिलं, शाई टिपायला वाळू टाकली नाही, फुंकरही घातली नाही, कागद तसाच ओला गजातून आत सरकवला.

"पाच?" आप्पांनी विचारलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण तारबाबूनं मोठ्यानं वाचलं होतं. "आरं, पाचच? आनि तू मघाशी..."

"पाच लई झाले आप्पा," तो म्हणाला. आवाज सरळ आला, याचंही त्याला नवल वाटलं. "परीक्षा निघती तेवढ्यात. ते पायाचं उगं आपलं बोललो. हुईल नीट."

आप्पा त्याच्याकडं बघत राहिले. पैसे वाचवायला पोरगं मन मारतंय, असं त्यांना वाटतंय हे त्याला दिसलं. तसं वाटू नये म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं. त्यानं टाक दौतीशेजारी ठेवला. आत यंत्राची कटकट बदलली, तारबाबूचं बोट वरखाली होऊ लागलं. त्याचा आकडा आता तारेवरून निघाला होता, ओढ्यानाल्यांवरून, ज्वारीच्या रानांवरून, आणि तो परत बोलावता आला असता, दुसरी तार करून, बारा आण्यांत. एवढं सोपं होतं. ते सोपं होतं म्हणूनच त्याच्या हातून होणार नव्हतं, हेही त्याला कळलं. ज्याला गजापाशी खुर्चीवर बसून खोटं लिहिता येतं तो माणूस रस्त्यावर येऊन बारा आणे काढत नाही. आपण किती क्षुद्र आहोत, त्याला वाटलं, आणि ते वाटणंसुद्धा लगेच बोथट झालं.

बाहेर ऊन कडक झालं होतं. दमणीत माय अंगठा पदरात धरून तशीच बसली होती. आप्पा लांबूनच ओरडले, "पाचच घेतले त्यानं! चल, शहादेवाला सांगू, सौदा न्हाई. तुझी पट्टी तुझ्यापाशीच ऱ्हाती!"

मायला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं पदर सोडला आणि दोन्ही हात तोंडावर घेतले, आणि सकाळपासून, कदाचित महिन्याभरापासून, न रडलेलं सगळं रडू तिला एकदम फुटलं. आश्रुबा बैलांच्या तोंडाशी बादली धरून उभा होता, तो मान फिरवून दुसरीकडं बघू लागला. बिभीषण दमणीपाशी गेला. मायनं त्याचं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं, भर रस्त्यात, पंचवीस वर्षांच्या बाप्याचं, आणि त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"माझ्यासाठी केलंस ना?" ती म्हणाली. "मला कळत न्हाई व्हय? शिवकन्येसाठी केलंस. पोरीला जलमभर पुरंल." मग तिनं डोळे पुसले, आणि हसली. "मी ठरवलंय बघ. जलमात कदी मोटारीत बसले न्हाई म्या, भ्या वाटतंय. पर तू चालवशील त्या पैल्या इमानात मी बसनार. मी, तुझे आप्पा आनि शिवकन्या. पैले आमीच. परके मानसं मागून. नेशील ना?"

आप्पा म्हणाले, "नेतो की, इचारतीस काय!"

मायनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. ती त्याच्याच तोंडाकडं बघत होती, उत्तर त्याच्याकडूनच हवं होतं तिला.

"नेतो माय," तो म्हणाला.